तारापूर, परळी, दाभोळ, कोयना: कुठली वीज कशामुळे अडते?

जैतापूरचा, म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातल्या प्रस्तावित अणुवीज प्रकल्पाचा, विषय निघाला की दोनच सूर लागतात. एक, अणुऊर्जेशिवाय गत्यंतर नाही; दुसरा, कोकणाची राखरांगोळी होणार. दोघंही उद्याबद्दल बोलतात. ज्याला खरंच बाजू ठरवायची आहे त्याने आधी मागे वळून बघावं, कारण विजेचे बहुतेक सगळे प्रकार महाराष्ट्राने चालवून पाहिलेत आणि त्यातला प्रत्येक कधी ना कधी अडलाय. तो कशाने अडला, हे मला युनिटच्या दरापेक्षा कामाचं वाटतं.

तारापूर घ्या. १९६९ साली अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या दोन अणुभट्ट्यांमधून देशातली पहिली अणुवीज निघाली. होमी भाभा १९६६च्या जानेवारीत विमान अपघातात गेले, त्यांना ती बघायला मिळाली नाही. या भट्ट्यांना समृद्ध, म्हणजे प्रक्रिया करून तीव्र केलेलं, युरेनियम लागतं आणि ते अमेरिकेकडून यायचं होतं. १९७४ला भारताने पोखरणला अणुचाचणी केली आणि पुरवठ्याचं गाडं रुतलं. मग फ्रान्स, पुढे चीन, रशिया, अशी दारं ठोठवावी लागली. शिवाय २१० मेगावॉटच्या भट्ट्या पुढे १६०वर आणून ठेवाव्या लागल्या. थोडक्यात, तारापूरचं इंधन अडलं ते परराष्ट्र धोरणात. त्यातूनच नैसर्गिक युरेनियम आणि जड पाण्यावर चालणाऱ्या देशी भट्ट्यांचं महत्त्व पटलं. ५४० मेगावॉटच्या अशा दोन भट्ट्या २००५-०६मध्ये तारापूरलाच सुरू झाल्या. त्यांच्यासाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावं उठली आणि पुनर्वसनाचं भांडण कोर्टात गेलं.

कोळशाचं तसं नाही, असं म्हणतात. कोळसा आपला, तंत्र ओळखीचं. पण परळीचं औष्णिक केंद्र २०१३च्या दुष्काळात बंद ठेवावं लागलं, ते पाण्यासाठी. गोदावरीवरचा खडका बंधारा आटला होता. औष्णिक केंद्र कोळशाइतकंच पाण्यावर जगतं, हे मराठवाड्याला वेगळं सांगायला नको. राख आणि धुराचा हिशेब चंद्रपूरकरांना विचारावा. अणुभट्टीचा अपघात जगभर मथळा होतो, कोळशाचा धूर रोज थोडाथोडा मारतो आणि बातमीत येत नाही. चेर्नोबिल आणि फुकुशिमानंतरची भीती खोटी नाही, पण भीती फक्त अणूच्याच पारड्यात टाकून वजन करणं मला पटत नाही.

गॅसवर फार लिहीत नाही. दाभोळला एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या गॅस-वीज प्रकल्पाचा पहिला टप्पा १९९९मध्ये नाफ्था या खनिज तेलापासूनच्या इंधनावर सुरू झाला, वीज न परवडणारी ठरली, २००१मध्ये प्रकल्प बंद आणि त्याच वर्षी एन्रॉन दिवाळखोर. इथे तंत्र चाललं, करार बुडाला.

जलविद्युतला आपण सोज्वळ समजतो. पण मुळशीचा सत्याग्रह १९२१चा आहे, आणि तो टाटांच्या वीज-धरणाविरुद्धच होता. ११ डिसेंबर १९६७च्या कोयनेच्या भूकंपात पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, आणि त्या भूकंपाचा संबंध जलाशयाशी जोडला जातो. तरीही या सगळ्यांत मला सर्वांत मोलाची वीज वाटते ती कोयनेचीच. सह्याद्रीच्या पश्चिमेला साडेचारशे मीटरहून जास्त खाली पाणी पडतं. संध्याकाळी घरोघरी दिवे, पंखे, शेगड्या लागतात तेव्हा जनित्रं काही मिनिटांत वेग घेतात. कोळसा आणि अणुभट्टी इतक्या झटपट वर-खाली होत नाहीत. अडचण कोट्याची आहे. कृष्णा लवादाने पश्चिमेकडे वळवायला वर्षाला ६७.५ टीएमसीच (अब्ज घनफूट) पाणी दिलंय, वर्ष मोजायचं १ जून ते ३१ मे. कोटा संपत आला की धरणात पाणी दिसत असूनही उन्हाळ्यात जनित्रं जपून फिरवावी लागतात.

सौरविजेचं अडणं सर्वांना ठाऊक आहे, सूर्य मावळतो. एका मेगावॉटला चार-पाच एकर जमीनही लागते. पण रात्री बाराला थ्री फेज आली म्हणून बॅटरी घेऊन उसात दारं धरायला जाणाऱ्या, बिबट्याच्या धास्तीत असणाऱ्या शेतकऱ्याला विचारा. त्याला दिवसा वीज हवी आहे, आणि ती सौर पंपातून किंवा सौर कृषी वाहिनीतून मिळते. इथे सूर्य मावळणं हा दोषच उरत नाही. उरलेली वीज पाणी वर चढवायला वापरता येते. घाटघरचा २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प २००८पासून हेच करतोय: वीज जास्त असेल तेव्हा पाणी वर, गरज पडली की खाली.

आता जैतापूर. १७३० मेगावॉटच्या सहा फ्रेंच भट्ट्या, एकूण १०,३८०. याच जातीची फिनलंडमधली ओल्किलुओटो २००५ला बांधायला घेतली, नियमित वीज २०२३ला. फ्रान्सची स्वतःची फ्लामानव्हिल २००७ला बांधायला घेतली, ग्रिडला जोडली डिसेंबर २०२४ला. आपल्या गुजरातमधल्या काक्रापारच्या ७०० मेगावॉटच्या देशी भट्टीलाही २०१० ते २०२३ लागली, म्हणजे तीही झटपट नव्हे, पण आराखडा, सुटे भाग आणि दुरुस्तीची माणसं इथलीच.

तेव्हा माझा कौल असा: दिवसाची गरज सौरने, संध्याकाळची कोयना-घाटघरसारख्यांनी, आणि अहोरात्रच्या पायाभूत विजेसाठी कोळशाच्या जागी हळूहळू अणुऊर्जा, पण ती ७०० मेगावॉटच्या देशी भट्ट्यांची. परळीसारख्या कोरड्या भागात नवा कोळसा अजिबात नको. जैतापूरच्या फ्रेंच भट्ट्यांना आज मी नाही म्हणेन. करारात उशिराचा भुर्दंड विकणाऱ्यावर पडणार असेल आणि प्रकल्पाच्या जागेवरच्या माडबन गावच्या लोकांना जमिनीबरोबर मासेमारीचाही मोबदला आधी, लेखी मिळणार असेल, तर पुन्हा बोलू.