पाय धुण्याचा टब आणि दारावर आलेल्या गोळ्या : अकरा महिन्यांचा अनुभव

हत्तीपायाच्या रुग्णांना आरोग्य केंद्रातून मोफत मिळणारं किट आमच्या घरी अकरा महिने वापरात आहे. याच काळात आशाताई दारावर हत्तीरोगाच्या गोळ्या घेऊन आल्या आणि त्या आम्ही घरातल्या सगळ्यांनी खाल्ल्या. दोन्हींबद्दल एकत्रच लिहिते. आमच्या घरात या दोन गोष्टींची मोठी गल्लत झाली होती आणि आमच्या गल्लीतल्या निम्म्या घरांत ती अजून आहे.

आमचं गाव नागपूर जिल्ह्यात, धानाच्या पट्ट्यातलं. मी घरीच शिवणकाम करते. पाय माझ्या सासूबाईंचा, वय अडुसष्ट. डावा पाय घोट्यापासून गुडघ्यापर्यंत सुजलेला, कातडी जाड, बोटांच्या वर घड्या. दुसऱ्या बाळंतपणानंतर सुरू झालं असं त्या सांगतात. मी सून म्हणून आले तेव्हा पाय असाच होता. त्यांचा परकर मी नेहमीपेक्षा दोन इंच लांब आणि घेराला मोठा शिवते, बसल्यावर पाय झाकला जावा म्हणून. हे मला कुणी सांगितलेलं नाही. पहिल्या वर्षीच त्यांना पदर खाली ओढताना पाहिलं आणि तेव्हापासून तसंच शिवते.

किटमध्ये निघालं ते असं : एक निळा प्लास्टिकचा टब, मग, टॉवेल, अंगाचा साबण, बुरशीवर लावायच्या मलमाची नळी आणि बारीक अक्षरांचं एक पत्रक. रांगेत उभं राहिलो, वहीत अंगठा दिला, पिशवी मिळाली, घरी आलो. वापरायचं कसं हे त्या दिवशी कुणी बोललं नाही. सासूबाईंना वाचता येत नाही आणि माझ्यामागे लग्नसराईची कामं होती. आठ दिवस त्या टबात आमचे पापडाचे तांदूळ भिजले.

नवव्या-दहाव्या दिवशी उपकेंद्रातल्या सिस्टर घरी आल्या. मोरीत पाट मांडला, सासूबाईंना खुर्चीवर बसवलं आणि त्यांचा पाय स्वतःच्या हातांनी धुऊन दाखवला. इतक्या वर्षांत घराबाहेरच्या कुणी त्या पायाला हात लावलेला मी पाहिला नव्हता. सासूबाई पाय मागे घेत म्हणाल्या, "राहू द्या बाई, तुमचे हात खराब होतीन." सिस्टरनी पाय सोडला नाही. या सगळ्या सेवेत मला सर्वांत मोलाची वाटली ती ही वीस मिनिटं. किट कितीही चांगलं असलं तरी ती वीस मिनिटं नसतील तर तो नुसता टब आहे.

पद्धत सोपी आहे, पण आम्ही वर्षानुवर्षं जे करत होतो त्याच्या बरोबर उलट. पाणी साधं घ्यायचं, कढत नाही. आम्ही मीठ घातलेल्या कढत पाण्यात पाय बुडवत होतो. साबण हातावर फेसायचा आणि गुडघ्यापासून खाली हळू चोळत यायचं. वजरी पूर्ण बंद. सासूबाई रोज वजरीनं टाच आणि घड्या घासायच्या. मळ निघाला की त्यांना बरं वाटायचं, पण त्यातूनच कातडीला बारीक चिरा पडत होत्या. मग बोटांच्या बेचक्या आणि प्रत्येक घडी आतून धुवायची, पाणी स्वच्छ निघेपर्यंत. शेवटचं आणि सर्वांत महत्त्वाचं, कोरडं करणं. बेचकीत ओल राहिली की कातडी पांढरी, मऊ पडते आणि तिथूनच सगळं सुरू होतं.

इथं किटमधल्या टॉवेलबद्दल शिवणाऱ्या बाईच्या नजरेनं सांगते. टॉवेल बरा आहे, पाणी टिपतो, पण जाड असल्यामुळे सुजलेल्या बोटांच्या बेचकीत जातच नाही. जोर केला तर कातडी ओढली जाते. मी जुन्या, धुऊन मऊ झालेल्या सुती धोतराच्या दीड इंच रुंदीच्या पट्ट्या काढल्या, कडा दुमडल्या नाहीत, कारण शिवण टोचते. पट्टी बेचकीतून अलगद ओढायची, प्रत्येक बेचकीला वेगळी. रोज संध्याकाळी सगळ्या पट्ट्या धुऊन उन्हात. ज्यांच्या घरी असा पाय आहे त्यांनी एवढं जरूर करावं.

टबाचं तोंड अरुंद आहे. पाऊल बसतं, पोटरीचं पाणी बाहेर सांडतं. आम्ही पाय टबावर आडव्या ठेवलेल्या पाटावर टेकवतो आणि मगानं वरून पाणी सोडतो, म्हणजे खालचं मळकं पाणी पायाला परत लागत नाही. मलमाची नळी तीन आठवड्यांत संपली. दुसरी मागून आणावी लागली, मिळाली. साबणाबद्दल विशेष काही नाही, तो संपल्यावर आम्ही घरातलाच साधा साबण वापरतो आणि फरक पडलेला नाही.

"पायात जंत हायेत म्हणता, त मंग साबणानं का होते? इतके दिस पाय धुतलाच नाई का म्या?" हा सासूबाईंचा प्रश्न माझाही होता. उत्तर दिलं माझ्या धाकट्या मुलीनं. ती नागपूरला लॅब टेक्निशियनचा कोर्स करते. हत्तीरोगाचे जंत दोऱ्यासारखे असतात. मादी आठ-दहा सेंटिमीटर, नर तिच्या निम्म्याहून लहान. ते शरीरातल्या लसिकावाहिन्यांमध्ये, म्हणजे रक्ताव्यतिरिक्तचं पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांमध्ये, सहा ते आठ वर्षं राहतात. नळ्या कायमच्या बिघडतात आणि पाणी पायात साठतं. सासूबाईंच्या पायातले जंत बहुधा कधीच मेले असतील. पण नळ्या बिघडल्या त्या बिघडल्याच. अशा पायात साध्या चिरेतून जंतू शिरले की त्यांना हाकलायला शरीराची ताकद तिथं पोचत नाही. मग थंडी वाजून ताप, पाय लालभडक, जांघेत अवधान, चार-पाच दिवस अंथरूण. अशा प्रत्येक तापानंतर पाय आणखी थोडा जाड होतो. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात डॉ. जेरुझा ड्रेयर यांनी हत्तीपायाच्या रुग्णांवर काम करताना हेच दाखवून दिलं : पाय वाढवण्यात या तापांचा मोठा हात आहे आणि साबण-पाण्यानं, कातडी जपण्यानं ते ताप थोपवता येतात. आज किट म्हणून जे हातात पडतं त्यामागे असं काम आहे. रुग्णाच्या मोरीपर्यंत जाऊन, त्यांच्या चिरा बघून केलेलं.

आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी तापाच्या दिवसांना लाल गोल करते. किट येण्याच्या आधीच्या वर्षात सहा वेळा ताप आला होता. गेल्या अकरा महिन्यांत एकदाच, तोही रोवणीच्या दिवसांत, पट्टीनं पुसायचं दोन-तीन दिवस राहून गेलं तेव्हा. मेझरिंग टेपनं मी दर महिन्याला घोट्याचं माप घेते, सकाळी उठल्याबरोबर, त्याच तिळाच्या खुणेवर. साडेतेरा इंच होतं, आता पावणेतेरा आहे. पाऊण इंच म्हणजे काही नाही असं वाटेल. पण ब्लाउजच्या बाहीत पाऊण इंच किती असतो हे मला माहीत आहे. पाय पूर्वीसारखा होणार नाही, हेही मी सासूबाईंना स्पष्ट सांगितलं आहे. त्यांना ते तापाचे दिवस गेले याचंच समाधान जास्त आहे. याआधी शहरातल्या एका दवाखान्यात "पाय उतरवतो" म्हणून इंजेक्शनांचे अकरा हजार घेतले होते. पाय धुऊन कोरडा ठेवा, एवढं वाक्य तिथं कुणी उच्चारलं नाही.

आता गोळ्या. आशाताई आणि त्यांच्यासोबत एक मुलगा, हातात रंगीत पट्ट्यांची उंची मोजायची काठी. तीन औषधं असतात. डीईसी वयाप्रमाणे, मोठ्या माणसाला १०० मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या. अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅमची एक, चावून खायची. आयव्हरमेक्टिन मात्र उंचीवर. आमच्या यजमानांना चार, मला तीन. उपाशीपोटी द्यायच्या नाहीत, म्हणून त्यांनी आधी जेवण झालं का विचारलं. गरोदर बायका, दोन वर्षांखालची मुलं आणि फार आजारी माणसं यांना वगळतात. गोळ्या समोरच गिळायच्या, मग बोटाला मतदानासारखी शाई.

यजमान म्हणाले, "ठेवा, रात्री घेतो." आशाताई उंबऱ्यात बसून राहिल्या. "भाऊ, पाणी आणा. मी बसते." हा हट्ट मला फार आवडला. पूर्वी गोळ्या हातात देऊन जायचे, आणि माझ्या मशीनच्या खणात दोन वर्षांच्या गोळ्या तशाच सापडल्या आहेत. आम्हाला वाटायचं, पाय तर सासूबाईंचा सुजलाय, आपण कशाला खायच्या? त्या बिचाऱ्या आपल्या वाट्याच्या खायच्या आणि पाय उतरण्याची वाट बघायच्या. पाय उतरला नाही की, "या गोयाइनं काई होत नाई." हीच ती गल्लत. या गोळ्या सुजलेल्या पायासाठी नाहीतच. त्या आहेत धडधाकट दिसणाऱ्या माणसाच्या रक्तातल्या अळ्यांसाठी, म्हणजे त्या जंतांच्या पिल्लांसाठी. जंत अंगात असलेल्या बहुतेकांना बाहेरून काहीच दिसत नाही. पण डास त्यांना चावतो, अळ्या घेतो, त्याच्या अंगात दोनेक आठवड्यांत त्या तयार होतात आणि पुढच्या माणसाच्या अंगात जातात. सासूबाईंना जंत दिला तो अशाच कुणी धडधाकट माणसानं, नकळत.

त्या अळ्यांची एक गोष्ट धाकटीनं सांगितली तेव्हा मी मशीन थांबवलं. दिवसा त्या शरीरात खोल, फुप्फुसांच्या बाजूला असतात. रात्री कातडीजवळच्या रक्तात येतात, क्युलेक्स डास चावायला निघतात त्याच वेळी. म्हणून तर आमच्या गावात रक्त घ्यायला पथक रात्री नऊनंतर येतं आणि लोक दार उघडायला कुरकुरतात. दिवसा घेतलेल्या थेंबात अळी सापडणं कठीण. आमच्या शेजारच्याच वर्धा जिल्ह्यात, सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत, डॉ. बी. सी. हरिनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हत्तीरोग ओळखण्याच्या रक्तचाचण्यांवर अनेक वर्षं संशोधन केलं. इतकं जवळ हे काम झालं आणि आम्ही पायाला लिंबाचा पाला बांधत होतो, याचं मला वाईट वाटतं.

सासूबाई ठाम होत्या की पाय बांधीतल्या चिखलानं, पाण्यानं झाला. त्यांना हसू नये. चीनमधल्या अमॉय बंदरात पॅट्रिक मॅन्सन या डॉक्टरनं १८७७ मध्ये आपल्या माळ्याच्या रक्तावर डास पोसले आणि त्या डासांच्या अंगात अळ्या वाढताना पाहिल्या. एवढं पाहूनही त्यांना वाटत होतं की डास पाण्यात मरतो आणि ते पाणी प्यायल्यानं रोग होतो. डास चावण्यातूनच अळ्या शिरतात हे १९०० मध्ये जाऊन कळलं. हे ऐकून सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हंजे त्या डाक्टरलेबी माह्यासारखंच वाटत होतं."

गोळ्यांचा त्रास होतो का, हे सगळे विचारतात. मला आणि मुलींना काही झालं नाही. यजमानांना दुसऱ्या दिवशी ताप, डोकं जड, मळमळ. दीड दिवसात उतरलं. आशाताईंनी सांगितलं की अंगात अळ्या असल्या तर त्या मरताना असा त्रास होतो. यजमानांच्या अंगात त्या असतील, ही शंका आम्हाला तोवर शिवली नव्हती. त्यांनी पुढच्या फेरीच्या गोळ्या कुणी मागे न लागता घ्यायचं स्वतःहून कबूल केलं. ही माहिती आदल्या दिवशी दवंडी देऊन सांगायला हवी. शेजारच्या घरी ताप आला तेव्हा "गोळीनं बाधलं" अशी आवई उठली आणि खालच्या आळीत दुसऱ्या दिवशी दारं लागली.

देशात या रोगासाठी सगळ्या लोकांना गोळ्या देण्याची मोहीम २००४ पासून आहे, आधी डीईसी, मग जोडीला अल्बेंडाझोल. तिसरं औषध नंतर आलं. पापुआ न्यू गिनीतल्या चाचणीत तिन्ही औषधांच्या एकाच मात्रेनंतर जवळपास सगळ्यांच्या रक्तातल्या अळ्या तीन वर्षं दिसल्या नाहीत, आणि आपल्या देशात ज्या पहिल्या पाच जिल्ह्यांत ही तिहेरी मात्रा सुरू झाली त्यांत नागपूर होतं, जानेवारी २०१९. श्रीलंका २०१६ मध्ये या रोगातून बाहेर पडला, बांगलादेश २०२३ मध्ये. आपलं लक्ष्य २०२७ चं आहे. माझ्या दोन्ही मुलींना हा पाय कधी होऊ नये एवढीच माझी त्यातली मागणी.

किटमध्ये एक गोष्ट नाही ती म्हणजे चप्पल, आणि ती खरोखर हवी. अनवाणी चाललं की पुन्हा चिरा. एका दुकानदारानं पाय बघून "आमच्याकडं असलं काही नाही" म्हणत शटरकडे बोट दाखवलं. शेवटी बसस्थानकाजवळच्या चांभारदादांनी कागदावर पावलाचा ठसा काढून घेतला, मऊ तळ घातला, वरून दोन रुंद पट्टे आणि त्यांना चिकटपट्टी, म्हणजे सूज कमी-जास्त झाली तरी सैल-घट्ट करता येते. पट्ट्यांच्या आतलं अस्तर मी शिवून दिलं. चारशे रुपये लागले.

पलंगाच्या पायथ्याला दोन विटा लावल्या आहेत, पाय रात्री उंच राहावा म्हणून. टबाच्या बुडाला आता बारीक चीर गेली आहे. नवा बाजारातून घेणार आहे, रुंद तोंडाचा, कमीत कमी सोळा इंचांचा. टेप घेऊनच दुकानात जाईन.