खिओस बेटावर काही महिने राहिल्यानंतर: कोणी जावं, कसं राहावं

पांढरी घरं आणि निळे घुमट हवे असतील तर खिओस तुमच्यासाठी नाही. हे ग्रीक बेट तुर्कस्तानच्या किनाऱ्यासमोर आहे, गावं दगडी, करड्या रंगाची आणि पसारा 842 चौरस किलोमीटरचा. बहुतेकांचं गणित मुक्कामावरच चुकतं. खोली घेतात बंदराच्या शहरात आणि पाहायची गावं निघतात दक्षिणेला. मेस्ता तर सुमारे 35 किलोमीटरवर. हिरव्या बस गावोगाव जातात, पण फेऱ्या मोजक्या, रविवारी तर विचारूच नका. चार रात्रींपेक्षा जास्त राहणार असाल तर निम्मा मुक्काम पिर्गी किंवा मेस्तात ठेवा आणि गाडी भाड्याने घ्या. त्यासाठी नुसतं भारतीय लायसन्स पुरत नाही. इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट निघण्याआधीच आरटीओतून काढून ठेवा. गाडी लहानात लहान घ्या, गावात ती शिरणार नाहीच.

ती का शिरत नाही, हे मेस्तात पाय ठेवला की कळतं. 1346 ते 1566 या काळात बेट इटलीतल्या जिनोआवाल्यांच्या ताब्यात होतं आणि चाच्यांचा धाक कायमचा. म्हणून कडेच्या घरांच्या मागच्या भिंती एकमेकींना जोडून त्यांचाच तट केला. बाहेर दार नाही, आत बोळ मुद्दाम वळणांचे. धाबी साधारण एका पातळीत, म्हणजे हल्ला झाला की छपरांवरूनच मधल्या बुरुजाकडे पळता यावं. पिर्गीत भिंतींवर काळ्या-पांढऱ्या नक्षीचे पट्टे दिसतात. ते रंगवलेले नाहीत. गडद वाळूच्या गिलाव्यावर चुन्याचा हात देतात आणि ओला असतानाच काट्यासारख्या हत्याराने खरवडून खालचा गडद थर उघडा करतात. चौकात फोटो काढून परतणाऱ्यांची मला कीव येते. खरी मजा मागच्या गल्ल्यांत आहे.

ही तटबंदी ज्याच्यासाठी, तो मस्तकीचा डिंक बेटाच्या दक्षिण भागातच निघतो. झाडं बुटकी, वेडीवाकडी. उन्हाळ्यात बुंध्याखालची जमीन झाडून त्यावर पांढऱ्या मातीची भुकटी पसरतात, मग सालीला छोटे छेद देतात. ओघळलेला डिंक कडक व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, आणि मध्ये पाऊस आला तर माल बिघडतो. हे काम पाहायचं असेल तर ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबर धरा. त्याआधी पिर्गीजवळचं मस्तकी संग्रहालय पाहून घ्या, म्हणजे शेतात काय चाललंय ते समजतं. मस्तकी पिकवण्याची ही परंपरा 2014 साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली.

युनेस्कोच्या दुसऱ्या, म्हणजे जागतिक वारसा स्थळांच्या यादीतलं नाव नेआ मोनी, अकराव्या शतकातला मठ. 1881 च्या भूकंपात घुमट कोसळला, त्यामुळे वरचं मोझॅक गेलं. भिंतींच्या वरच्या अंगावर उरलेलं मात्र सोनेरी आणि अप्रतिम आहे. आत उजेड कमी, छोटी दुर्बीण न्या. खांदे-गुडघे झाकलेले हवेत. मठ दुपारी बंद असतो, तेव्हा सकाळीच गाठा. दारालगतच्या छोट्या चॅपलमध्ये 1822 साली ऑटोमन (तुर्की) सैन्याने केलेल्या कत्तलीत मारले गेलेल्यांच्या कवट्या ठेवल्या आहेत. मुलं बरोबर असतील तर आधी सांगून ठेवा.

दुपार बंद हा नियम दुकानांनाही लागू आहे. वाणसामान दोनच्या आत घ्या. सोमवार, बुधवार, शनिवार बरीच दुकानं संध्याकाळी उघडतच नाहीत.

किनाऱ्यांत माव्रा व्होलिया सगळ्यांत नावाजलेला: ज्वालामुखीतले काळे, गुळगुळीत गोटे. उन्हात ते इतके तापतात की अनवाणी चालवत नाही आणि पाण्यात शिरताच पायाखालून घसरतात. पाण्यात चालणारे रबरी बूट न्याच. गोटे उचलून नेण्यास बंदी आहे. लहान मुलांसाठी कार्फासची उथळ वाळू बरी, पण तिथे गर्दी असते. जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेचा मेल्तेमी वारा सुटला की बोटी रद्द होतात, तेव्हा परतीचं विमान बोटीच्या दुसऱ्याच दिवशीचं ठेवू नका. वणव्यांचा मोसमही तोच. फोनवर 112 चा इशारा आला तर रस्ता सोडून आडवाटेला जाऊ नका.

समोरचं तुर्की गाव चेश्मे बोटीने तासाभराच्या आत आहे आणि मोह होतोच. पण शेंगेन व्हिसा एकच प्रवेशाचा असेल तर तुर्कस्तानात पाऊल टाकताच तो संपतो, परत बेटावर येता येत नाही. बंदरावर मिळणारा झटपट व्हिसा तुर्की नागरिकांसाठी आहे, आपल्यासाठी नव्हे.

शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही: फावा म्हणजे घोटलेली पिवळी डाळ, मोठ्या पावट्यांचे यिगांदेस, उकडलेल्या रानभाज्या, भाजलेलं मास्तेलो चीज. 'निस्तीसिमो' म्हटलं की उपवासाचं, म्हणजे मांस, अंडी, दूध नसलेलं. पण त्यात कोळंबी-माकूळ चालतं, तेवढं विचारून घ्या.

येताना मस्तकी आणाच. आपल्याकडे काष्ठौषधीच्या दुकानात ती रुमी मस्तकी म्हणून मिळते. अस्सल खडा चावल्यावर आधी भुगा होतो, किंचित कडू लागतो, मग पांढरा चिवट गोळा बनतो. खिरीत घालायची तर आधी पंधरा मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा आणि चिमूटभर साखरेबरोबर कुटा, नाहीतर खलबत्त्याला चिकटून बसते.