सोमवारी अजिंठा दाखवणाऱ्याने आमचे २९,३५० रुपये नेले

पुणे, छत्रपती संभाजीनगर, वेरूळ, अजिंठा, लोणार. ड्रायव्हरसकट सात सीटर गाडी, मुक्काम धरून सहा जणांचे ३८,५०० रुपये ठरले होते. गाडी आलीच नाही. पहाटे साडेपाचला आई, सासूबाई आणि मुलं बॅगा घेऊन गेटवर उभी, आणि ड्रायव्हरचा म्हणून दिलेला नंबर बंद.

एका नावाजलेल्या ट्रॅव्हल्सच्या नावापुढे या माणसाने ऑनलाइन नकाशावर स्वतःचा नंबर चढवला होता. तो ट्रॅव्हल्सचाच समजून आम्ही त्याच्याशी बुकिंग केलं. पैसे असे गेले: अर्धा अ‍ॅडव्हान्स १९,२५०, प्रवेश पासचे २,७००, डोलीचे २,४००, आणि आदल्या रात्री ‘परत मिळणारं’ डिपॉझिट ५,०००. क्यूआर स्कॅन केला की ट्रॅव्हल्सचं नाव न येता भलत्याच व्यक्तीचं नाव येत होतं. विचारलं तर म्हणाला, अकाउंटंटचं खातं आहे. स्क्रीनवर परकं नाव दिसलं तर तिथेच थांबा, मग समोरचा कोणतंही कारण सांगू दे.

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली सहलीच्या कार्यक्रमाची पीडीएफ मी अजून उघडून बघते आणि डोकं तापतं. शनिवार: बीबी का मकबरा, वस्तुसंग्रहालय. रविवार: वेरूळ, देवगिरी. सोमवार: अजिंठा. मंगळवार: लोणार. अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात, वेरूळची मंगळवारी. त्या रस्त्याला गाडी चालवणारा कोणीही हे झोपेतून उठवलं तरी सांगेल. त्याच पानावर खाली होतं, ‘प्रवेश पास ४५० × ६’. पुरातत्त्व खात्याचं तिकीट भारतीयांना ४० रुपये आहे आणि पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीटच नाही. माझी मुलं नऊ आणि बारा वर्षांची. त्यांचेही साडेचारशे लावले होते.

“एवढं कसं दिसलं नाही?” हे घरच्यांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांनी ऐकवून झालंय. माझं लक्ष आईच्या गुडघ्यांवर होतं. अजिंठ्याच्या पायऱ्या तिला झेपणार नाहीत, म्हणून पहिला प्रश्न मी तोच विचारला. तो म्हणाला, “ताई, माउलींची काळजी सोडा. डोलीवाला आपला माणूस आहे. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीपासून सव्वीस नंबरच्या निजलेल्या बुद्धापर्यंत सावकाश फिरवून आणेल.” लेण्यांचे नंबर बिनचूक सांगणाऱ्या माणसावर कोणाचा विश्वास बसणार नाही? आईचं नाव पुढे करून त्याने पैसे काढले, याचा संताप मला रकमेपेक्षा जास्त आहे. “गाडी थेट लेण्यांच्या दारात लावतो” असंही तो म्हणाला होता. खाजगी गाड्या फर्दापूरच्या टी-पॉइंटलाच थांबतात, पुढे बसने जावं लागतं. असं आश्वासन कोणी दिलं तर फोन ठेवा.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन केला, तक्रार क्रमांक मिळाला. तुम्हीही तासाभराच्या आत करा, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आधी. खरा मनस्ताप त्यानंतर सुरू झाला. पोलीस ठाण्यात सांगितलं, हे सायबर पोलिसांकडे न्या. सायबरवाले म्हणाले, खातं परराज्यातलं आहे आणि रक्कमही फार नाही, आधी ठाण्यातून लिहून आणा. बँकेत गेले तर पोलिसांचं पत्र हवं, आणि पत्र मागायला ठाण्यात गेले तर साहेब बंदोबस्ताला. “मॅडम, शिकलेल्या दिसता, मग अशा कशा फसलात?” असं एका हवालदाराने भरल्या खोलीत विचारलं. तक्रार कोणी लिहून घ्यायची यावर त्यांचाच वाद, आणि चोराला दिवसच्या दिवस मोकळे. गुन्हा कुठेही घडला असला तरी ठाण्याने माहिती नोंदवून घ्यायची, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट आहे. कलमाचा प्रिंटआउट टेबलावर ठेवला तेव्हा कुठे पेन उचललं गेलं. तुम्ही पहिल्याच खेपेला तो घेऊन जा. चॅट, पीडीएफ, यूपीआयचे व्यवहार क्रमांक, सगळ्याच्या दोन प्रती. त्याचा नंबर ब्लॉक करण्याआधी चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा.

गाडीचा फोटो मागा आणि नंबराची पाटी बघा. ड्रायव्हरसकट भाड्याच्या गाडीला पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं असतात. आम्हाला आलेल्या फोटोत पाटी पांढरी होती. मुक्कामाच्या ठिकाणी त्यांच्याच वेबसाइटवरचा नंबर लावून बुकिंग आहे का ते स्वतः विचारा. मी नंतर विचारलं, आमच्या नावाने तिथे काहीच नव्हतं.

सध्या ६,८०० रुपये तिसऱ्याच एका खात्यात गोठवलेले आहेत. बाकीचे काढून घेतले गेले. ते ६,८०० सोडवायला कोर्टाचा आदेश आणा, असं बँक म्हणते. वकिलाने सांगितलेली फी त्याहून जास्त आहे. वकील न लावता कोणी असा अर्ज करून पैसे सोडवले असतील, तर कोणती कागदपत्रं लागली ते कृपया लिहा.