घरातल्या घरात आळंदी ते पंढरपूर : आठ महिन्यांच्या वापरानंतर

आमचं घर डोंबिवलीत, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दोन वर्षांपूर्वी ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. बोलणं बरंचसं परत आलंय, आधार दिला तर चार पावलं टाकतात, पण त्यांना एकटं सोडून मला फार वेळ बाहेर राहता येत नाही. माझं सकाळचं फिरणं सुटलं. डॉक्टरांनी माझी साखर बघितली आणि सरळ सांगितलं, आठवड्याला दीडशे मिनिटं चालणं झालंच पाहिजे, कुठे चालायचं ते तुम्ही बघा. तेव्हा मुलीने मोबाइलवर व्हर्च्युअल ट्रेलचं एक ॲप टाकून दिलं. त्याला आता आठ महिने झाले.

आपण वाट निवडायची, घरात चालायचं, पावलांचे किलोमीटर होतात आणि नकाशावरचा ठिपका पुढे सरकतो. मुलीने कामिनो निवडून दिला होता. फ्रान्सच्या सीमेपासून स्पेनमधल्या सांतियागोपर्यंतची ख्रिस्ती यात्रेकरूंची जुनी वाट, सुमारे 780 किलोमीटर. फोटो सुंदर होते. पण पाम्पलोना शहर आलं आणि माझा उत्साह संपला. पुढच्या गावाची ओढच लागेना, कारण त्या गावाबद्दल घरात बोलायला कोणी नव्हतं.

एक दिवस ह्यांनी खुर्चीतून विचारलं, "किती झालं?"

"सत्तर."

"सत्तर म्हणजे सासवड मागे पडलं की गं. आता जेजुरी."

ह्यांनी माउलींच्या पालखीबरोबर सहा वाऱ्या केल्यात. 2020 मध्ये पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या, तेव्हा त्यांची वारी चुकली आणि नंतर हे दुखणं आलं. मी त्याच संध्याकाळी कामिनो बंद केला. ॲपमध्ये स्वतःची वाट आखायची सोय आहे, तिथे आळंदी ते पंढरपूर आखलं. अडीचशे किलोमीटरच्या आसपास भरलं. दुसऱ्या दिवशी आळंदीहून निघाले.

आता मापाबद्दल सविस्तर लिहिते, कारण माझी सगळ्यात मोठी फसगत तिथेच झाली. ॲप तुमच्या उंचीवरून एका पावलाची लांबी ठरवतं. माझ्या 155 सेंटीमीटर उंचीला त्याने 64 सेंटीमीटर धरलं होतं. रस्त्यावर ते बरोबर असेलही. घरात दर दहा-बारा मीटरवर वळावं लागतं, टीपॉय चुकवावा लागतो, पाऊल आखूडच पडतं. ठिपका फलटणला पोचला त्या दिवशी शंका आली म्हणून शिवणाची टेप काढली. हॉलच्या खिडकीपासून पॅसेजच्या टोकापर्यंत 11 मीटर, आणि माझी पावलं 21. म्हणजे जेमतेम 52 सेंटीमीटर. हिशेब केला तर मी लोणंदच्या जराशी पुढे होते. तरडगाव अजून यायचं होतं आणि चांदोबाचा लिंबसुद्धा, जिथे पहिलं उभं रिंगण होतं. मी ॲपमध्ये 52 टाकलं आणि तिथूनच पुन्हा चालले. ही दुरुस्ती पहिल्याच दिवशी करा.

मनगटावरच्या पट्ट्याचंही असंच. हात हलला तर तो पाऊल मोजतो. ह्यांना धरून चालवताना माझा हात स्थिर असतो, मग ती पावलं गळतात. पट्टा मोज्यात खोचला तेव्हा आकडा बराच जुळला. आणि दहा हजारांच्या मागे लागू नका. तो आकडा 1965 सालच्या एका जपानी पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आलाय. मानपो-केई म्हणजे दहा हजार पावलं मोजणारं. मी सकाळी वीस मिनिटं आणि संध्याकाळी वीस मिनिटं चालते, सव्वादोन-अडीच किलोमीटर होतात. रविवारी सुट्टी. आकडा कालनिर्णयच्या चौकटीत लिहिते, तो ॲपपेक्षा ह्यांना जास्त दिसतो.

पहिल्या महिन्यात अनवाणी चालले आणि टाच धरली. सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवेना. दोन आठवडे बसून काढले. आपल्याकडे घरात बूट घालायची पद्धत नाही, मलाही जड गेलं, पण शेवटी बूट घेतले. ते कधी उंबऱ्याबाहेर गेले नाहीत, आणि देवघराच्या बाजूला जाताना मी ते काढते. टाच पुन्हा दुखली नाही. गुडघा मात्र आहे तसाच आहे. साखर थोडी उतरली, पण गोळीही तीच चालू आहे, म्हणून सगळं श्रेय चालण्याला देत नाही.

टीव्हीवर वाटांचे व्हिडिओ लावून चालण्याचाही प्रयोग केला. डोळ्यांच्या उंचीवरून, संथ चालत घेतलेले व्हिडिओ चांगले. वारीचे बरेचसे ड्रोनने वरून घेतलेले असतात; बघायला डोळे भरून येतात, पण त्यांच्या तालावर पाऊल पडत नाही. हलत्या कॅमेऱ्याने मला गरगरलं, तेव्हा ते लगेच बंद केले.

खरी वाट ह्यांच्या तोंडूनच कळली. दिवे घाटाला रथाला जादा बैलजोड्या जुंपतात, हे मी टीव्हीवर पाहिलं होतं. पण चढ संपताना मागे वळून बघितलं की घाटभर माणसंच माणसं दिसतात, हे त्यांनी सांगितलं. त्या तीन दिवसांत मी बाल्कनीच्या पायरीवर चढ-उतार केली, एका हाताने ग्रिल धरून. नीरेला पादुकांचं स्नान, जेजुरीला भंडारा, वेळापूरचा धावा. पुरंदवड्याच्या गोल रिंगणाला मी ह्यांच्या खुर्चीभोवती अकरा फेऱ्या मारल्या. एकाच दिशेने वळून घोटा भरून आला, तेव्हा फेऱ्या मारणार असाल तर दिशा बदलत राहा. फिजिओथेरपीवाल्या ताईंनी ह्यांना बसल्या जागी पाय उचलायला सांगितलंय. एरवी कंटाळा करतात. वाखरीच्या आधी मी न सांगता हे स्वतःच उजवा पाय उचलायला लागले, दर वेळी डाव्या हाताने गुडघ्याखाली आधार देऊन. तो पाय जमिनीपासून चार बोटं वर येत होता आणि मी चालता चालता मोजत होते. सतरा झाले.

पैशांचं एक सांगते. ॲपचा फुकटचा महिना संपल्यावर न विचारता वर्षाचे पैसे खात्यातून गेले, परत मिळाले नाहीत. कार्डाची माहिती देण्याआधी अटी नीट वाचा. खरं तर वही, टेप आणि साधा पावलं मोजणारा फोन एवढ्यावरही हे सगळं जमतं.

ज्यांना बाहेर जाता येतं त्यांनी बाहेरच चालावं, उन्हातलं चालणं निराळंच. पण माझ्यासारखं घर सोडता येत नसेल तर वाट अशी निवडा, जी घरातल्या कोणाच्या तरी पायाखालून गेलीय.

आता आम्ही देहूहून तुकोबांच्या पालखीच्या वाटेने निघालोय. ही वाट ह्यांनाही नवी, त्यामुळे आता नकाशा दोघं मिळून बघतो. आकुर्डी, पुणे, लोणी काळभोर झालं. यवतला अजून सहा किलोमीटर आहेत, तिथे पालखीला पिठलं-भाकरी असते. भाकरीचं पीठ आज दळून आणलंय.