मोबाईल एआरची टेस्ट: लॅबमधे घ्यायची का वेरूळला?

एआर (ऑगमेंटेड रिॲलिटी, म्हणजे फोनच्या कॅमेऱ्यातून खऱ्या जागेवर आभासी वस्तू दाखवणं) ॲप वापरताना लोकं बोटानं, हातानं नेमकं काय करायलेत हे बघायचं तर दोन रस्ते आहेत, लॅब नाहीतर खरी जागा. मी दोन्ही करून बघितलं.

लॅबमधे सगळं आपल्या हातात असतं. उजेड एकसारखा, टास्क सगळ्यांना एकच, स्क्रीन रेकॉर्डिंग चालू, शेवटी एसयूएसचे (सिस्टीम युजेबिलिटी स्केल, म्हणजे ॲप वापरायला किती सोपं हे मोजायची प्रश्नावली) १० प्रश्न विचारले की ० ते १०० मधे स्कोअर मिळतो. वस्तू बोटानं ओढून ठेवणं सोपं का फोन फिरवून, असं दोन डिझाईनमधलं एक निवडायचं असेल तर लॅबच पाहिजे.

पण वेरूळला १६ नंबरच्या लेणीत गेलो अन् डोळे उघडले. कैलासाच्या अंगणात दुपारचं ऊन असं की स्क्रीनच दिसंना, लोकं एका हातानं सावली धरायले, मग दोन बोटांनी झूम करायला हात उरतोच कुठं? आत अंधारात गेलं की अजून वेगळं, एआर ॲप बनवायचं गुगलचं एआरकोअर असो की ॲपलचं एआरकिट, कॅमेऱ्याला भिंतीवरचे ठळक बिंदू लागतात, ते फोनच्या सेन्सरशी जुळवूनच जागा कळते, बिंदू दिसले नाहीत की स्क्रीनवरचं आभासी मॉडेल सरकायला लागतं. एका मावशीचा तर फोन वर धरून धरून दंड दुखायला लागला, त्यांनी फोन सरळ माझ्या हातात दिला. लॅबमधे खुर्चीवर बसवून हे कळलंच नसतं.

वेळ फार जातो हे खरं, गर्दी असते, मंगळवारी लेण्या बंद. तरी माझं ऐकाल तर आधी ४-५ जणांवर लॅबमधे ढोबळ चुका काढा, बाकी सगळे दिवस वेरूळलाच घाला.