वॉर्ड सभा: ठराव घरून लिहून न्या, तरच कामाची

बेळगाव-खानापूर पट्ट्यात ग्रामसभेला गेलेला माणूस बहुधा वैतागूनच परततो. तीन-चार गावांची मिळून एक पंचायत, माइक एक, आणि आपल्या गल्लीच्या गटाराची पाळी येईतो मंडळी उठलेली. ग्रामसभेआधीची पायरी म्हणजे वॉर्ड सभा. ती फार थोडे लोक वापरतात, हे नुकसानीचं आहे. कर्नाटकच्या 1993 च्या पंचायत राज कायद्यानुसार ती सहा महिन्यांतून एकदा तरी घ्यावी लागते. वॉर्डातला प्रत्येक मतदार तिचा सदस्य. नोंदणी नाही, वर्गणी नाही.

कोरमला, म्हणजे सभा भरली असं धरायला, एक दशांश मतदार किंवा 20 जण, यांतला कमी आकडा पुरतो. एवढी माणसं एका गल्लीतूनच जमतात. रस्त्यावरचा दिवा, सार्वजनिक नळ, विहीर कुठे हवी हे सुचवणं, कामांचा क्रम लावणं, योजनांचे पात्र लाभार्थी ठरवणं, हे सगळं तिच्या कक्षेत येतं.

फसतं ते प्रोसीडिंग बुकात, म्हणजे सभेच्या नोंदवहीत. तोंडी मागणीला सगळे माना डोलावतात आणि वहीत ‘विविध विषयांवर चर्चा झाली’ एवढंच उतरतं. मग ग्रामसभेपुढे काय जाणार? म्हणून ठराव घरून लिहून न्यावा: ‘मारुती मंदिर ते विहीर, 180 फूट गटार’, असा मोजमापासकट, खाली सूचक-अनुमोदकाची नावं. वही कन्नडात असते. कन्नड नीट वाचणारं गल्लीतलं पोर शेजारी बसवा, मजकूर ऐका, मगच सही करा. निवेदन मराठीत देता येतं, घटनेच्या 350 व्या कलमाचा तसा आधार आहे. पोच मात्र घ्याच.

मागणी निधी पाहून करावी. पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानातला 60 टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता. अशा पैशातून गटार होतं, सभामंडप नाही.

भातलावणीत किंवा सुगीत दुपारची सभा रिकामीच राहते. संध्याकाळची वेळ आधीच लेखी मागावी. बायका आल्याच पाहिजेत. पाणी किती वाजता येतं आणि कुठल्या नळाला चढत नाही, हे त्यांनाच नेमकं ठाऊक असतं.

सभेनंतर प्रोसीडिंगची प्रत मिळाली नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा: 10 रुपये शुल्क, 30 दिवसांची मुदत. कर्नाटकात एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे, तेव्हा सभेची तारीख आणि वॉर्ड लिहून फक्त प्रत मागा. तक्रार त्यात घालू नका.