रविवारच्या पाहुण्यांचा वृद्धाश्रम

माझी मावशी वर्षभरापासून जळगावजवळच्या एका वृद्धाश्रमात राहते. खोल्या स्वच्छ आहेत, जेवण वेळेवर मिळते. भरीत मात्र खानदेशात शोभू नये इतके मिळमिळीत असते. आश्रमाची खरी जमेची बाजू म्हणजे दर रविवारी येणारे राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी. वर्षाला 120 तासांची अट पूर्ण करण्यासाठी आलेली ही मुले प्रारंभी घड्याळाकडेच पाहत असत. परंतु त्यांच्यातील एका मुलीने अहिराणीत विचारपूस केली, तेव्हा एरवी गप्प बसणाऱ्या मावशीने तिला कळण्याची भाकरी थापण्याची रीत तासभर समजावून सांगितली. परीक्षांच्या काळात या भेटी पूर्वसूचनेविना थांबतात आणि वृद्ध मंडळी दुपारभर फाटकाकडे डोळे लावून बसतात. व्यवस्थापनाने निदान तसा फलक तरी लावावा.